एल्कीचं खोरं: ला सेरेनाहून विकुन्या आणि वरच्या अँडीजपर्यंत

एल्कीच्या खोऱ्यात जायचं तर आधी चंद्र बघायचा आणि मग विमानाचं तिकीट. चिलीतल्या 30 अंश दक्षिण अक्षांशावरच्या या खोऱ्यात बरेच लोक आकाश बघायला येतात, आणि पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री त्या कामाला निरुपयोगी. दुसरी अट शनिवारची. सेर्रो तोलोलो वेधशाळा बाहेरच्यांना शनिवारी आणि आधी नोंदणी केली असेल तरच आत घेते. म्हणून अमावास्येजवळचा शनिवार धरायचा, तो शेवटचा दिवस ठेवायचा आणि मंगळवारी ला सेरेनाहून निघायचं. फेब्रुवारीअखेर ते एप्रिलची सुरुवात हा काळ सगळ्यात सोयीचा: द्राक्षतोडणी चालू असते, अर्जेंटिनाच्या सीमेवरची आग्वा नेग्रा खिंड सहसा उघडी असते, ढग कमी. जून ते ऑगस्टमध्ये आकाशगंगा सर्वांत भारी दिसते, पण वर्षाचा जो काही पाऊस पडायचा तो तेव्हाच पडतो आणि खिंड बर्फाने बंद असते.

नकाशा आधी डोक्यात बसवून घ्यावा. इथे समुद्रकिनारा आणि अँडीजचा माथा यांच्यात दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि तेवढ्यात जमीन पाच हजार मीटरपर्यंत चढते. आताकामा वाळवंट उत्तरेकडून येऊन इथे विरळ होत जातं. पूर्व-पश्चिम वाहणाऱ्या नद्यांनी डोंगर कापून आडव्या खाचा केल्यात, त्यातली एक एल्कीची. विकुन्या नगरपालिकेचं क्षेत्र सुमारे 7,600 चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास कोल्हापूर जिल्ह्याएवढं, आणि 2017 च्या जनगणनेत लोकसंख्या 28 हजारांच्या आत. कारण राहण्याजोगी जमीन म्हणजे नदीच्या दोन्ही काठांची हिरवी पट्टी, बाकी सगळा उघडा दगड. गावात वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नदी त्यावर चालत नाही, ती वरच्या बर्फावर चालते. हिवाळ्यात डोंगरावर साठलेलं बर्फ नोव्हेंबर ते जानेवारीत वितळून खाली येतं. त्यामुळे खोऱ्यातल्या शेतकऱ्याची नजर ढगांपेक्षा डोंगरमाथ्यावर जास्त असते.

पहिला दिवस, मंगळवार: ला सेरेना ते विकुन्या, 62 किलोमीटर

सान्तियागोहून ला सेरेनाला विमानाने तासभर लागतो, बसने सहा-सात तास. विमानातून उतरताना शहर ढगाखाली दिसलं तर घाबरू नये. ही कामांचाका, समुद्रावरून येणारं दाट धुकं. थंड सागरी प्रवाहामुळे खालची हवा गार राहते, वर उबदार थर झाकणासारखा बसतो आणि धुकं त्याखालीच अडकतं. एल मोये गावाच्या आसपास पोचेपर्यंत बहुधा लख्ख ऊन पडलेलं असतं. मोठ्या दुर्बिणी दोन हजार मीटरच्या वर बसवल्यात, त्यामागे हेही एक कारण.

सकाळ शहरातल्या पुरातत्त्व संग्रहालयाला द्यावी. (सोमवारी सरकारी संग्रहालयं बंद असतात, मंगळवारी निघण्याचा हाही फायदा.) खोऱ्यातल्या माणसांचा क्रम इथे नीट कळतो. इसवी सनाच्या पहिल्या सात-आठ शतकांत इथे एल मोये संस्कृतीचे लोक होते. खालच्या ओठाखाली भोक पाडून घालायचे दगडी दागिने ही त्यांची ओळख. 1938 साली फ्रान्सिस्को कॉर्नेली यांनी याच नावाच्या गावाजवळ त्यांची दफनं उकरली. त्यानंतर इसवी सन 1000 च्या आसपास दियागिता आले: लाल, पांढऱ्या आणि काळ्या रंगांतली काटेकोर भौमितिक नक्षीची मडकी, आणि बदकाच्या आकाराचे सुरईवजा जग. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात इन्का पोचले, आणि त्यांच्यामागून शंभर वर्षांच्या आत स्पॅनिश. ला सेरेना 1544 मध्ये वसलं, स्थानिकांनी ते जाळलं, आणि 1549 मध्ये ते पुन्हा वसवावं लागलं.

विकुन्याच्या बस ला सेरेनाच्या मुख्य बसस्थानकावरून दिवसभर सुटतात, तासाभरात पोचवतात. पण पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या दिवसासाठी भाड्याची गाडी असलेली बरी. रस्ता एकच, महामार्ग क्रमांक 41. सुमारे 45 किलोमीटरवर रस्ता बोगद्यातून जातो आणि बाहेर पडताच पुक्लारो धरणाचा जलाशय दिसतो.

इथे तासभर तरी थांबावं, कारण खोऱ्याचं सगळं राजकारण या भिंतीमागे आहे. धरण 1999 मध्ये पूर्ण झालं. भिंतीची उंची 83 मीटर, साठवण 20 कोटी घनमीटर. नदीच्या तळाशी दगडगोट्यांचा थर इतका खोल आहे की पाया पक्क्या खडकापर्यंत नेणं परवडणारं नव्हतं. म्हणून दाबून बसवलेल्या गोट्यांची भिंत, पाण्याच्या बाजूने काँक्रीटचं आवरण आणि खाली गाळात उतरवलेला काँक्रीटचा पडदा अशी रचना केली. थोडं पाणी खालून झिरपतं, ते हिशेबात धरलेलं आहे.

जलाशयात ग्वायिग्वाइकासह काही वस्त्या बुडाल्या. ग्वायिग्वाइका वरच्या अंगाला नव्याने वसवलं, चर्च आणि जुनं रेल्वे स्टेशन पुन्हा उभारलं. स्टेशन आहे, पण रूळ नाहीत: ला सेरेनाहून रिवादावियापर्यंत जाणारी गाडी धरणाच्या कितीतरी आधीच बंद पडली होती. 2010 नंतरच्या दीर्घ दुष्काळात जलाशय तळाला गेला, तेव्हा जुन्या गावाचे अवशेष उघडे पडले होते.

पाण्याची वाटणी समजून घेण्यासारखी आहे. चिलीच्या 1981 च्या जल कायद्याने पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा केला. तो विकता येतो, गहाण टाकता येतो. एल्कीत हे हक्क ‘अक्सियोन’ म्हणजे समभागांत मोजतात, एक समभाग म्हणजे कागदोपत्री सेकंदाला एक लिटर. पण नदीत तेवढं पाणी नसतंच. म्हणून हक्कदारांची नदी समिती हंगामाच्या सुरुवातीला बर्फ आणि धरणसाठा बघून टक्केवारी जाहीर करते. तिला ‘देसमार्के’ म्हणतात. देसमार्के 50 टक्के म्हणजे दहा समभागवाल्याला सेकंदाला पाच लिटर. पाटाच्या शेवटच्या टोकाला असलेल्याला गळती वजा जाता आणखी कमी. बाग मोठी असून समभाग थोडे, ही इथली नेहमीची अडचण. दुष्काळात लोक वेली तोडून कमी क्षेत्रावर पाणी टिकवतात. रस्त्यालगत वाळक्या, तारा लोंबकळणाऱ्या बागा दिसल्या तर त्या रोगाने गेल्या असं समजू नये. बहुतेकदा त्यांचं पाणी दुसरीकडे वळवलेलं असतं.

दुपारनंतर पुक्लारोवर वारा जोरात सुटतो. डोंगर तापतात, हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्राकडची हवा खोऱ्यातून धावते. जवळजवळ रोजचं हे वेळापत्रक आहे, म्हणूनच पतंगाला बांधून पाण्यावर सरकणारे खेळाडू इथे येतात. बाकीच्यांनी भिंतीवरची चक्कर सकाळी मारावी आणि टोपी सांभाळावी.

दुसरा दिवस, बुधवार: विकुन्या गाव, वियासेका, आणि रात्र

गाव सव्वासहाशे मीटर उंचीवर, चौकोनी आखणीचं, दोन तासांत पायी होणारं. 22 फेब्रुवारी 1821 ही स्थापनेची तारीख. बेर्नार्दो ओ'हिगिन्स यांच्या राजवटीत, प्रांताधिकारी होआकिन विकुन्या यांच्या हस्ते. चौकातला लाकडी लाल मनोरा 1905 चा, बाउअर या जर्मन वंशाच्या नगराध्यक्षाने उभारलेला. फोटोपुरता ठीक आहे.

खरा वेळ गाब्रिएला मिस्त्राल संग्रहालयाला द्यावा. लुसिला गोदोय अल्कायागा हे तिचं मूळ नाव, जन्म याच गावात, 7 एप्रिल 1889. खेड्यापाड्यांतल्या शाळांत शिकवत ती कवी झाली. 1945 साली तिला साहित्याचं नोबेल मिळालं, लॅटिन अमेरिकेतलं पहिलं. तिच्या 1922 च्या पहिल्या कवितासंग्रहात रवींद्रनाथांच्या कवितांवरची गद्य टिपणंही आहेत, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. 5,000 पेसोच्या नोटेवर चेहरा तिचाच.

दुपारचं जेवण वियासेकाला, गावापासून पाच-सहा किलोमीटरवर. इथल्या बायका 1980 च्या दशकाअखेरीपासून उन्हाच्या चुलीवर रांधतात. चिली विद्यापीठाच्या एका संस्थेने हे तंत्र आणलं. कारण साधं होतं: जळणासाठी डोंगरावरची झुडपं तोडून तोडून संपली होती. लाकडी पेटी, आतून काळी, वर दुहेरी काच, आणि झाकणाला चकचकीत पत्र्याचा परावर्तक. आपल्याकडच्या चार डब्यांच्या सौर चुलीचंच हे मोठं भावंड, पण दीडशे अंशांपर्यंत तापणारं आणि चाकांवर बसवलेलं, कारण दर अर्ध्या-पाऊण तासाने ते उन्हाकडे वळवावं लागतं. पाव, भात, भाज्या तास-दोन तासांत होतात. करडाच्या मटणाला तीन-चार तास, म्हणून ते सकाळीच चढवतात आणि दुपारी दोनपर्यंत संपतं. जागा आदल्या दिवशी सांगून ठेवावी. झाकण उघडून बघायचा मोह झाला की पंधरा मिनिटांची उष्णता गेली, त्यामुळे घाई करून उपयोग नाही. पूर्ण शाकाहारी माणसाने आधीच बोलून घ्यावं. इथे ‘भाजीचं सूप’ हाडाच्या रश्श्यावर असू शकतं. बकरीचं चीज, अवोकाडो, घरचा पाव आणि उन्हाळ्यात मक्याच्या पानांत उकडलेली उमिता यांवर जेवण नीट होतं.

संध्याकाळी तासभर झोप काढावी आणि मग वेधशाळा. मामायुका ही नगरपालिकेने 1998 साली सुरू केलेली पर्यटकांसाठीची वेधशाळा, गावापासून नऊ-दहा किलोमीटरवर. आजूबाजूला खासगीही बऱ्याच झाल्यात. निवड करताना एकच गोष्ट विचारावी: एका दुर्बिणीमागे माणसं किती? पंधरापेक्षा जास्त असली तर निम्मा वेळ रांगेत जातो. इंग्रजी गट वेगळा असतो का, तेही विचारावं. उन्हाळ्यातही रात्री तापमान दहा अंशांपर्यंत उतरतं, त्यामुळे जाड जॅकेट हवंच. मोबाइलचा पडदा एकदा पेटला की डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं घेतात.

महाराष्ट्रातून आकाश ओळखणाऱ्याची इथे आधी दिशाभूल होते. ध्रुवतारा नाहीच. मृग नक्षत्र डोकं खाली करून उभं, चंद्रकोर उलटी. आपल्याकडे उन्हाळ्यात दक्षिण क्षितिजाजवळ मुश्किलीने सापडणारा त्रिशंकू इथे जवळजवळ मावळतच नाही, आणि अगस्त्य माथ्याकडे चढतो. मॅगेलनचे दोन मेघ, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या छोट्या दीर्घिका, महाराष्ट्रातून व्यवहारात दिसत नाहीत. इथे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये धनू राशीतला आकाशगंगेचा मध्य नेमका डोक्यावरून जातो. त्या महिन्यांत दुर्बीण नसली तरी चालतं.

2 जुलै 2019 च्या खग्रास ग्रहणात विकुन्यावर सावली दोन मिनिटांहून जास्त होती. तेव्हा या दोन तासांच्या गावात राहायला जागा मिळत नव्हती.

तिसरा दिवस, गुरुवार: क्लारो नदीने वर, पिस्को एल्कीपर्यंत

गाडीची टाकी आणि खिशातली रोख दोन्ही विकुन्यातच भरून घ्यावी. 18 किलोमीटरवर रिवादाविया. इथे दोन नद्या भेटतात आणि तिथून पुढे नदीचं नाव एल्की. डावीकडून तुर्बियो येते, गढूळ. उजवीकडून क्लारो, नितळ. फरक नुसत्या मातीचा नाही. तुर्बियोच्या उगमाकडचे खडक ज्वालामुखीच्या उष्ण पाण्याने कुजलेले आहेत, त्यांतून तांबं, लोह आणि आर्सेनिक निसर्गतःच झरतं. तिथे चार हजार मीटरवर एल इंदियो ही सोन्या-तांब्याची खाण 1979 ते 2002 चालली, तिने भर घातली. यातला बराच भाग पुक्लारोच्या तळगाळात जाऊन बसतो. म्हणून या नदीचं पाणी कितीही थंडगार दिसलं तरी ओंजळीने पिऊ नये.

आज क्लारोचा रस्ता धरायचा. इथून पुढे नगरपालिका बदलते, पाइवानोची लागते. खोरं अरुंद होतं आणि द्राक्षबागा थेट डोंगरावर चढलेल्या दिसतात. ठिबक आल्यावर हे शक्य झालं, त्याआधी पाटाच्या वर शेतीच नव्हती. नाशिककडच्या बागायतदाराला मांडव ओळखीचा वाटेल, थॉम्सन जातीचं द्राक्षही असेल, पण वेलीचं वर्ष निराळं. आपल्याकडे थंडीने वेल झोपत नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या लागतात. इथे हिवाळ्यात पानं गळतात आणि छाटणी एकदाच. मात्र खोऱ्यातली थंडी वेलीला पुरेशी नसते, म्हणून डोळे एकसारखे फुटावेत यासाठी आपल्यासारखंच हायड्रोजन सायनामाइड लावतात.

मोंतेग्रांदेत थांबावं. मिस्त्राल तीन वर्षांची असताना वडील घर सोडून गेले. पुढचं बालपण इथल्या शाळेच्या खोल्यांत, शिक्षिका असलेल्या सावत्र बहिणीच्या आधाराने गेलं. ती शाळा आता संग्रहालय आहे. 1957 मध्ये न्यूयॉर्कजवळ तिचं निधन झालं आणि 1960 मध्ये, तिच्या इच्छेप्रमाणे, दफन या गावातल्या टेकडीवर. दक्षिण अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पुस्तकांचं मानधन तिने मृत्युपत्रात मोंतेग्रांदेच्या मुलांना दिलं होतं.

पुढे पिस्को एल्की, साडेबाराशे मीटरवर. 1936 पर्यंत गावाचं नाव ला उनियोन होतं. पिस्को म्हणजे द्राक्षांच्या वाइनपासून गाळलेली दारू. पेरूशी ‘पिस्को’ या नावावरून भांडण होतं, म्हणून नकाशावर ते नाव असावं यासाठी ते मुद्दाम बदललं. त्याआधी 1931 मध्ये चिलीने पिस्कोला उगमनामाचं संरक्षण दिलं होतं: फक्त आताकामा आणि कोकिम्बो या दोन प्रदेशांतल्या द्राक्षांचं. पेरूचं म्हणणं, पिस्को हे आमचं बंदर, दारू तिथूनच जायची. चिलीच्या बाजूचे इतिहासकार याच खोऱ्यातल्या ला तोर्रे जहागिरीची 1733 ची मालमत्ता यादी पुढे करतात, तीत पिस्कोच्या तीन बुधल्यांची नोंद आहे. हा वाद भारतातही आला. दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये पेरूच्या मालाला ‘पेरूव्हियन पिस्को’ असं नाव लावायला सांगितलं, नुसतं ‘पिस्को’ नव्हे.

भट्टी बघताना क्रम लक्षात ठेवावा. मस्कत जातीची सुगंधी द्राक्षं पिळतात, रस आंबवून वाइन करतात. ती तांब्याच्या भांड्यात घाणा घाणा करून तापवतात, सलग नाही. आधी येणारा भाग, ‘डोकं’, थिनरसारखा वास मारतो. त्यात मेथॅनॉल आणि इथाइल अ‍ॅसिटेट असतं, तो काढून टाकतात. मधला भाग ‘काळीज’, तोच ठेवायचा. शेवटी ‘शेपूट’: जड, ओल्या पुठ्ठ्याच्या वासाची. आंच वाढवली की हे तीन भाग एकमेकांत मिसळतात आणि माल बिघडतो, म्हणून सगळी कला आंच आणि तोडण्याच्या क्षणात आहे. मग किमान 60 दिवस विश्रांती, नंतर क्षार काढलेलं पाणी घालून तीव्रता उतरवतात. 30, 35, 40 आणि 43 अंश या चार पायऱ्या, बाटलीवर छापलेल्या असतात. पेरूत पाणी घालायला आणि लाकडी पिंपात मुरवायला बंदी आहे, चिलीत दोन्ही चालतं. चव बघायची तर 40 च्या वरची घ्यावी, खालच्या मालात पाणीच जास्त बोलतं. चालकाने मात्र नाही: रक्तात लिटरला 0.3 ग्रॅमपासून गुन्हा, म्हणजे भारतातल्या मर्यादेइतकाच. रस्ता वळणांचा आहे आणि पोलीस उभे असतात. मुक्काम इथेच करावा.

चौथा दिवस, शुक्रवार: तुर्बियोने वर

रिवादावियाला परत येऊन दुसरा फाटा. चापिल्कात मेंढीच्या लोकरीचे, झाडपाल्याच्या रंगांतले गालिचे विणतात. वांताच्या पुढे वस्ती संपते. उन्हाळ्यात बकऱ्यांचे कळप वरच्या कुरणांकडे निघालेले भेटतात, हॉर्न न वाजवता मागे थांबावं.

हुंतास देल तोरोला, साधारण 2,150 मीटरवर, सीमाशुल्काची चौकी आहे, सीमेच्या ऐंशी-नव्वद किलोमीटर अलीकडेच. अर्जेंटिनात जायचं नसलं तरी इथे कागद दाखवून नोंद करावी लागते. पुढे ला लागुना धरण, मग आग्वा नेग्रा खिंड, सुमारे 4,780 मीटर. जानेवारी-फेब्रुवारीत खिंडीखाली ‘पेनितेन्ते’ दिसतात: कोरड्या हवेत आणि तीव्र उन्हात बर्फ वितळण्याऐवजी थेट वाफ होऊन उडतं आणि उरतात माणसाएवढ्या पातळ, धारदार सुळक्यांच्या रांगा.

पण पिस्को एल्कीतून एका दिवसात साडेतीन हजार मीटर चढ म्हणजे डोकेदुखी आणि मळमळ जवळपास ठरलेली. लहान मुलं, हृदयरोगी, गर्भवती यांनी ला लागुनापर्यंतच जावं. रात्री पिस्को प्यायलेल्यांनीही. बराच रस्ता खडीचा, कुंपण नाही, मोबाइल चालत नाही. स्टेपनी तपासून निघावं आणि दुपारच्या आत परत फिरावं.

पाचवा दिवस, शनिवार: तोलोलो

तोलोलोचं फाटक महामार्गालगत आहे. बस वर जात नाही. नोंदणीची छापील प्रत आणि पासपोर्ट दाखवल्याशिवाय फाटक उघडत नाही. वरचा घाटरस्ता कच्चा आणि लांब आहे, तासभर धरावा. वेधशाळा 2,200 मीटरवर, त्यात 1970 च्या दशकातली चार मीटर व्यासाची ब्लांको दुर्बीण. दिवसाची भेट असल्याने तारे दिसत नाहीत, यंत्रं दिसतात. तोलोलोवर 1990 च्या दशकात केलेल्या दूरच्या सुपरनोव्हांच्या (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या) मोजणीतूनच विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतोय हे 1998 मध्ये कळायला मदत झाली. दक्षिणेकडच्या सेर्रो पाचोनवर रुबिन वेधशाळेची इमारत दिसते: 8.4 मीटरचा आरसा, 3,200 मेगापिक्सेलचा कॅमेरा, पहिली छायाचित्रं जून 2025 मध्ये प्रसिद्ध झाली. 2015 मध्ये हा परिसर जगातलं पहिलं ‘अंधाऱ्या आकाशाचं अभयारण्य’ ठरला, मिस्त्रालच्याच नावाने.

उतरून ला सेरेनाला जाताना वेळ बघावी. खोरं पश्चिमेला उघडतं, त्यामुळे सूर्यास्ताआधीचे दोन तास ऊन थेट काचेवर येतं, आणि समोरून ट्रक. दुपारी तीनच्या आधी किंवा अंधार पडल्यावर निघावं. परतीच्या वाटेवर पपईच्या पाकातल्या बरण्या मिळतात. ही डोंगरी पपई कच्ची खाल्ली तर जीभ चुरचुरते, म्हणून शिजवूनच विकतात. बरणी सामानात द्यावी, हातात नेली तर विमानतळावर पाकासाठी अडवतात. आणि येताना भारतातून मसाले, बिया, मध, ताजं फळ काहीही आणलं असेल तर सान्तियागोला उतरताना शेती खात्याच्या अर्जात लिहावं. लिहिलेली वस्तू फार तर जप्त होते, लपवलेल्या वस्तूवर दंड बसतो.